दोन हाफांची हॉकी

मार्तंडरावांनी मफलरच्या टोकाने टीव्हीची काच पुसली. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका होता, माशीची करणी असावी, म्हणून त्यांनी जरा दाबूनच पुसला. ठिपका बोटाखालून निसटला, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याच्यामागे आठ-दहा पोरी काठ्या घेऊन सुसाट घसरत निघाल्या.

"अहो, तोच त्यांचा चेंडू," जानकीबाई मागून म्हणाल्या. "बाजूला व्हा, आम्हाला काही दिसत नाही."

मार्तंडराव खुर्चीत येऊन बसले. आयुष्यभर झाशीच्या मैदानांवर शिट्टी फुंकलेला माणूस, आणि त्याने चेंडूलाच पुसून टाकायचा प्रयत्न केला, ही गोष्ट आता रज्जन भैया सीपरी बाजारात निदान होळीपर्यंत पुरवणार, हे त्यांना कळून चुकलं. रज्जन भैया बाजूच्या दिवाणावर रजई गुडघ्यांवर ओढून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. रेल्वेच्या टीममध्ये एके काळी त्यांनी लेफ्ट आउटला नाव काढलं होतं. आता गुडघे गेले, पण जीभ अजून विंगवरून पळत असे.

जानेवारीतला शनिवार होता. साडेसहा वाजून गेले तरी बाहेर धुक्यात समोरच्या घराचा दिवा तेवढा दिसत होता. तिकडे अमेरिकेत मात्र शुक्रवारची संध्याकाळ होती, आणि उत्तरेकडच्या एका थंड गावात बकुळच्या कॉलेजची बर्फावरची हॉकी सुरू झाली होती. बकुळ ही मार्तंडरावांची नात, श्रीकृष्णची एकुलती एक मुलगी. लाल कपड्यांतल्या संघाच्या गोलमध्ये ती तीस नंबर घालून उभी होती. अंगावर एवढं चिलखत आणि तोंडावर जाळी, की सख्ख्या आजोबांनीही नंबरावरूनच ओळखायचं. पाठीवर इंग्रजीत अंबर्डेकर असं लिहिलं होतं. नाव लांब म्हणून अक्षरं या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पोचली होती.

ही पोर गोलकीपर आहे, हेच मार्तंडरावांना दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतं. तीन वर्षं ती खेळत होती, दर रविवारी आजीशी फोनवर त्याबद्दल बोलत होती, आणि घरात फक्त त्यांनाच पत्ता नव्हता. श्रीकृष्णने तसं बजावून ठेवलं होतं. शेवटी जानकीबाईंनीच मुलाच्या मागे टुमणं लावलं, आणि आठ दिवसांपूर्वी त्याने या प्रक्षेपणाचे पैसे भरून टीव्हीवर ते कसं लावायचं हे आईला समजावलं. पण एक अट घातली. नानांनी खुशाल बघावं, मात्र बकुळच्या खेळाबद्दल तिला एक अक्षर बोलायचं नाही. वाईट तर नाहीच, चांगलंही नाही.

मार्तंडरावांनी अट मान्य केली. अटीमागचं कारण त्यांना पाठ होतं.

पस्तीस वर्षांपूर्वी श्रीकृष्णही गोलकीपरच होता. कॉलेजच्या टीमचा, आणि चांगला. ग्वाल्हेरशी मॅच होती. झाशी आणि ग्वाल्हेर म्हणजे मैदानावर विळ्या-भोपळ्याचं सख्य, अर्धं गाव लोटलेलं. मार्तंडराव त्या दिवशी पंच नव्हते, नुसते बाप होते, आणि मुलाच्या गोलच्या मागे उभे होते. बरोबरी चालली असताना शेवटी शेवटी एक साधासा चेंडू श्रीकृष्णच्या दोन पायांमधून आत गेला. आजूबाजूच्या माणसांनी वळून मार्तंडरावांकडे बघितलं. तेव्हा त्यांच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "चौकीदार सो गया, फाटक खुला रह गया।" माणसं हसली. मार्तंडराव सायकल काढून घरी निघून आले. पण ते नाव मागे राहिलं. वर्षभर पोराला गल्लीबोळांत फाटक म्हणून हाक मारत होते. त्याने पॅड कोणाला तरी देऊन टाकले, अभ्यासात डोकं घातलं आणि जे गेला ते समुद्रापलीकडेच गेला. फोन करायचा, पैसे पाठवायचा, तब्येत विचारायचा. हॉकीचा शब्द बापलेकांत पुन्हा निघाला नाही.

यात सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच होती. झाशीच्या मैदानावर जाणत्या माणसांची एक रीत होती. मॅच संपली की गोलकीपरशी निकालाबद्दल बोलायचं नाही. जिंकलं तर फॉरवर्डनी जिंकवलं आणि हरलं तर गोलकीपरने हरवलं, असा दुनियेचा न्याय. म्हणून जाणता माणूस त्याच्याजवळ जाई आणि त्याने अडवलेला एकच चेंडू सांगे. 'तो उजव्या हाताचा, तो लक्षात राहील.' एवढंच, आणि पुढे जाई. मार्तंडरावांनी ही रीत किती परक्या पोरांसाठी पाळली होती. घरच्या पोराच्या वेळी नेमकी ती विसरायला झाली.

"जा हाकी नईंयाँ मार्तंडजी, जा तो कुस्ती आय," रज्जन भैया म्हणाले. पडद्यावर समोरच्या संघाच्या एका हिरव्या कपड्यांतल्या पोरीने लाल पोरीला फळकुटावर चेपलं होतं आणि पंच शांतपणे बाजूने निघून गेला होता.

मग दोघांची चर्चा लागली. काठी खांद्याच्या वर गेली तरी शिट्टी नाही. चेंडू पायाला लागला तरी शिट्टी नाही. गोलच्या मागेही मैदान आहे आणि तिथेही खेळ चालूच. रज्जन भैया त्या काळ्या चकतीला साबणाची टिकिया म्हणत होते. दर मिनिटाला कोणीतरी खेळ सोडून कठड्यावरून उडी मारून बाहेर जाई आणि दुसरी आत येई. पहिल्यांदा मार्तंडरावांना वाटलं, पोरीला लागलं. मग वाटलं, कंटाळली. अखेर त्यांनी जानकीबाईंनी लावून दिलेला मोबाईल हातात घेतला. त्यावर प्रक्षेपणाच्या शेजारी बघणाऱ्यांच्या गप्पा चालल्या होत्या, जगभरातून कोण कोण इंग्रजीत लिहीत होतं. आयुष्यभर रेल्वेच्या कचेरीत इंग्रजी टिपणं लिहिलेल्या माणसाला यात भ्यायचं कारण नव्हतं. त्यांनी चष्मा वर-खाली करत सविस्तर प्रश्न लिहिला, शेवटी 'आपला नम्र' असंही घातलं.

उत्तर आलं ते हिरव्या कॉलेजच्या कोणा माणसाकडून. त्याने लिहिलं होतं की बर्फावर असा जीव तोडून मिनिटभरच पळता येतं, म्हणून दमायच्या आत बदलतात, आणि आपण कुठून बघताय?

"झाशी," मार्तंडरावांनी लिहिलं.

ते कुठे आहे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. पण त्याने विचारलं की तिथे आता किती वाजलेत, आणि थंडी किती आहे. मार्तंडरावांना हा प्रकार आवडला. दोन्ही कॉलेजांची गावं एकाच नदीच्या दोन काठांवर आहेत आणि शंभर वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ही माहितीही त्यांना त्याच गप्पांत मिळाली. त्यांनी ती रज्जन भैयांना मोठ्याने सांगितली. ग्वाल्हेरच म्हणा की, असं रज्जन भैया म्हणाले आणि लगेच गप्प झाले.

तेवढ्यात रमाकांत आले. लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या देवळाजवळ त्यांचं घर, पूर्वजांपासूनची पूजा, त्यामुळे पूजा उरकल्याशिवाय त्यांना जग दिसत नसे. बँकेतून निवृत्त झाले होते. प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि पहिली तक्रार केली ती कॅमेऱ्याची. कॅमेरा चकतीच्या मागे मागे, वरातीमागून घोडं निघावं तसा. शिवाय समालोचन करणारी दोन पोरं, एक बोलतो आणि दुसरा नुसता हसतो. त्यापेक्षा आपला रेडिओ बरा होता. रेडिओवर चेंडू स्पष्ट दिसायचा.

याबद्दल मात्र तिघांचं एकमत झालं. आश्चर्य म्हणजे मोबाईलवरच्या मंडळींचंही तेच म्हणणं होतं. लाल असोत की हिरवे, कॅमेरावाल्याला दोघंही शिव्या घालत होते.

लाल संघाने एक गोल केला. थोड्या वेळाने भोंगा वाजला, पोरी आत गेल्या आणि मैदानावर एक मोठी गाडी आली. ती बर्फावरून हळूहळू गोल फिरू लागली, आणि तिच्यामागे काच पुसल्यासारखा पट्टा उमटत गेला.

"गरम पाणी टाकतात ती," जानकीबाई म्हणाल्या. त्या परातीत मऊरानीपूरकडचे मटार घेऊन सोलत बसल्या होत्या. "बकुळने सांगितलंय. गरम पाण्याने वरचा थर विरघळतो आणि परत गोठतो, मग गुळगुळीत होतो."

बर्फावर गरम पाणी, यावर तिघांचाही विश्वास बसेना. रमाकांतांनी भौतिकशास्त्र काढलं, रज्जन भैयांनी कुल्फीवाल्याचं उदाहरण दिलं.

"मॅचमध्ये दोनदा फिरवतात गाडी," जानकीबाईंनी पुढे सांगितलं. पण तोवर वाद कुल्फीवर पोचला होता आणि बाईमाणसाच्या त्या वाक्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मार्तंडराव वेगळ्याच समाधानात होते. आपल्या हॉकीचे अलीकडे चार तुकडे केल्यापासून त्यांनी टीव्हीवर हॉकी बघणंच सोडलं होतं. हॉकी म्हणजे दोन हाफ आणि मध्ये लिंबाची फोड चोखण्याइतका वेळ. इथे बघा, चांगला लांब हाफ टाइम. कोपऱ्यात एकचा आकडा होता, तो गेला आणि पोरी परत आल्या तेव्हा दोनचा आकडा आला. वीस वीस मिनिटांचे का असेनात, पण दोन हाफ. "निदान अमेरिकेत तरी दोन हाफांची हॉकी शिल्लक आहे," ते म्हणाले, आणि रमाकांतांनी मान डोलावली.

दुसऱ्या डावात हिरव्या पोरी चवताळून आल्या. चकती सारखी बकुळच्याच अंगावर येत होती. तिघं म्हातारे पुढे सरकून बसले. आता कॅमेऱ्याबद्दल कोणी बोलेना. बकुळचं खेळणं मार्तंडरावांना नवीन होतं, पण एक गोष्ट ते जुन्या नजरेने ओळखत होते. चकती दूर असली की ती शांत उभी राही. उगाच नाचत नव्हती, आणि चकती जवळ आली की घाबरून आधी पडत नव्हती. गोलकीपरची किंमत याच्यावरच ठरते. मध्येच ती काठीने दोन्ही खांबांना हलकेच शिवून घेई, अंधारात भिंत चाचपावी तशी.

मोबाईलवर लाल मंडळी तिला भिंत म्हणू लागली. तीस नंबर म्हणजे भिंत. मार्तंडराव ते वाचून दाखवत होते. मग खालून हिरव्यांपैकी कोणीतरी लिहिलं, भिंतीला खाली दार आहे, थांबा, पायांमधून येतो आम्ही. त्याखाली पंधरा-वीस जणांनी हसण्याची चित्रं टाकली होती.

मार्तंडराव वाचता वाचता थांबले.

"का लिखो है?" रज्जन भैयांनी विचारलं.

"कुछ नहीं," मार्तंडराव म्हणाले. त्यांनी मोबाईल उपडा करून मांडीवर ठेवला. त्यांना राग आला होता. त्या माणसाला काय माहीत, ही पोर सकाळी किती वाजता उठत असेल, काय खात असेल, कोणाची कोण. लांब बसून एक वाक्य फेकलं आणि हसून मोकळा झाला. आणि मग, राग ओसरायच्या आधीच, लाज वाटली. हा तर आपलाच विनोद, हे त्यांच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात हिरव्यांची सतरा नंबरची पोर एकटीच चकती घेऊन निघाली. मध्ये कोणी नव्हतं. बकुळ पुढे आली, थांबली, पोरीने डावीकडे दाखवून उजवीकडे नेलं, पुन्हा डावीकडे आणलं. बकुळ गुडघ्यांवर बसली आणि तिचा डावा पाय कुठून लांब झाला देव जाणे. चकती पायाच्या टोकाला लागून कोपऱ्यात गेली.

"अरे वा बिटिया," रज्जन भैया उभे राहिले. गुडघे विसरूनच उभे राहिले.

लाल संघाने दुसरा गोल केला, घड्याळ शून्यावर आलं, भोंगा वाजला. दोन-शून्य. पोरी आत निघाल्या. मार्तंडराव वाट बघत होते की आता दोन्ही संघ हात मिळवतील, पण कोणी मिळवले नाहीत. हे त्यांना खटकलं. शंभर वर्षांचं वैर आहे, नाही मिळवत, असं रमाकांतांचं मत पडलं. मैदानावर पुन्हा ती गाडी आली. खेळ संपल्या संपल्या मैदान साफ करून ठेवतात, माणसं शिस्तीची, हेही रमाकांतच म्हणाले.

"टीव्ही तापला असेल," जानकीबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी तो बंद केला.

रज्जन भैयांना आता घरात बसवेना. झाशीच्या पोरीने अमेरिकेत मैदान मारलं आणि तोंड गोड करायचं नाही, म्हणजे काय. ते काठी टेकत जलेबी आणायला निघाले. वाटेत चार ठिकाणी बातमी सांगून मगच परत येणार, हे उघड होतं. रमाकांतांना चिरगावला मेहुण्यांकडे जायचं होतं, बस चुकेल म्हणून तेही उठले.

घरात दोघंच राहिली. मार्तंडरावांनी मोबाईल सुलटा केला, पुन्हा उपडा केला. मग परातीजवळ येऊन उभे राहिले.

"आता तिला बोलायला हरकत नसावी," ते म्हणाले. "जिंकलीय. जिंकल्यावर काय, कोणीही बोलतं. श्रीकृष्ण रागावेल का?"

जानकीबाईंच्या हातात एक शेंग होती. ती त्यांनी लगेच सोलली नाही.

"बोला की," त्या म्हणाल्या. "पण निकालाचं काही काढू नका. तुमच्या मैदानावर बोलायचे तसं बोला."

बकुळला मराठी वाचता येत नसे, पण ऐकून समजत असे. म्हणून जानकीबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायचं बटण दाबून मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला. मार्तंडरावांनी घसा साफ केला. शिट्टीवाला माणूस, भाषणाची सवय नाही.

"बकुळ, मी झाशीहून आजोबा बोलतोय. ती सतरा नंबरची एकटी आली होती, तेव्हा तू डावा पाय टाकलास. तो चेंडू मला लक्षात राहील. आता काहीतरी गरम खा, आणि झोप."

जानकीबाईंनी बोट उचललं. आवाज गेला. मार्तंडरावांनी खांद्यावर पंचा टाकला. मग अंघोळीला गेले, आणि पाणी कडकडीत असूनही त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

साडेनऊच्या सुमारास धुकं विरलं आणि फोन वाजला. श्रीकृष्णचा होता. एरवी तो आईलाच मागत असे. आज म्हणाला, नानांना दे.

"बोल रे," मार्तंडराव म्हणाले. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते अभिनंदनाला तयार बसले होते.

"नाना, मी मैदानावरूनच बोलतोय. बकुळ कपडे बदलून आली. तुमचा आवाज ऐकला तिने. मलाही ऐकवला." मागे पुष्कळ माणसांचा गलका होता. "ती खोलीत कोणाशीच बोलत नव्हती म्हणे. तिसऱ्यात तीन गोल खाल्ले. दोन-शून्य होतो आम्ही, आणि हातातली मॅच घालवली. मग बाहेर येऊन तिने फोन उघडला, तर तुमचा आवाज."

मार्तंडराव उभे राहिले. तिसऱ्यात म्हणजे कशात, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्यांना उमजलं. ती गाडी, ते न मिळवलेले हात, कोपऱ्यातला दोनचा आकडा. त्यांनी जानकीबाईंकडे पाहिलं. जानकीबाई मटार सोलत होत्या. मान वर केली नाही.

"शेवटचा तर पायांमधून गेला, नाना," श्रीकृष्ण म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "सरळ पायांमधून. तुम्ही पाहिलाच असेल."

खोटं बोलायचा मार्तंडरावांचा स्वभाव नव्हता. शिट्टी चुकली तर मैदानाच्या मध्यावर उभं राहून चुकली म्हणणारा माणूस.

"तो मी पाहिला नाही," ते म्हणाले.

पलीकडे गलका तेवढा ऐकू येत राहिला. टीव्ही बंद होता, आम्हाला वाटलं संपली, हे पुढचं वाक्य मार्तंडरावांच्या ओठांवर होतं. पण श्रीकृष्णने ते पहिलं वाक्य 'तो मी लक्षातच ठेवला नाही' अशा अर्थाने घेतलं असावं, कारण तो अगदी लहान मुलासारखा नाकाने श्वास ओढत होता. आणि मार्तंडरावांच्या तोंडून जे निघालं ते वेगळंच निघालं.

"श्रीकृष्णा, ग्वाल्हेरच्या मॅचला पहिल्या हाफात त्यांच्या त्या उंच सरदार पोराने डीच्या टोकावरून मारला होता. उजव्या कोपऱ्यात, खांद्याच्या उंचीवर. तू हात टाकलास. काठी नाही, हात. तो चेंडू मला लक्षात राहिलाय."

"तो दिसला होता तुम्हाला?"

"मी मागेच उभा होतो रे."

पलीकडे श्रीकृष्णला कोणीतरी हाक मारली. शेवटी श्रीकृष्ण म्हणाला की बकुळ बोलावतेय, गाडी काढायची आहे, रविवारी निवांत बोलू. तुमच्याशी, असंही म्हणाला. मार्तंडरावांनी फोन ठेवला.

मग ते परातीसमोर वेताचा मोडा ओढून बसले.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "तीन भाग असतात ते."

"मी म्हटलं होतं, गाडी दोनदा फिरते. तुम्ही कुल्फीत होतात."

"मग टीव्ही का बंद केलास? हरणार हे काय तुला आधी कळलं होतं?"

"हरणार की जिंकणार, मला काय ठाऊक?" जानकीबाईंनी टरफलं एका बाजूला केली. "पण तिसरा भाग संपल्यावर तुम्ही बोलला असतात का?"

मार्तंडरावांनी परातीतली एक शेंग उचलून सोलली. जिंकली असती तर उतावळेपणाने निकालच बोलून बसलो असतो, आणि हरली असती तर मूग गिळून बसलो असतो, हे त्यांना स्वतःलाच दिसत होतं. त्यांना बायकोचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट, पन्नासहून जास्त वर्षं ओसरीवरची हॉकी ऐकत चहा पुढे करणारी ही बाई मनात किती काय मोजत बसली असेल, असं कुतूहलच वाटलं.

"लावा आता," जानकीबाई म्हणाल्या. "पुन्हा बघता येते म्हणे. तुमचा तिसरा भाग राहिलाय."

त्यांनी टीव्ही लावला. कोपऱ्यात तीनचा आकडा होता. निकाल माहीत असलेली मॅच बघणं म्हणजे मार्तंडरावांच्या मते वेळेचा अपव्यय, पण ते मफलर काढून नीट बसले. पहिला गोल दोन पोरींच्या गर्दीतून आला, बकुळला दिसलाच नसावा. दुसरा तिच्याच बाजूच्या पोरीच्या काठीला लागून वळला. समालोचन करणारा दुसरा पोरगाही आता हसत नव्हता.

दार वाजलं. रज्जन भैया जलेबीचा पुडा घेऊन आत आले, धापा टाकत, चेहरा उजळलेला. पडद्याकडे बघून ते गोंधळले.

"अरे, फिर से देख रए?"

"बैठो भैया," मार्तंडराव म्हणाले. "अभी खतम नहीं हुआ था."

रज्जन भैयांनी कोपऱ्यातला आकडा पाहिला, मग बरोबरीचे गोल पाहिले आणि पुडा न सोडता दिवाणाच्या कडेवर टेकले. घड्याळात दोन-अडीच मिनिटं उरली असतील. चकती साधीच आली, लांबून, जमिनीलगत. बकुळ खाली बसली आणि ती तिच्या पायांमधून आत गेली. गोलमागे उभ्या असलेल्या हिरव्यांच्या प्रेक्षकांनी काचेवर हात आपटले. रज्जन भैयांनी तोंड फिरवलं आणि रिमोट कुठे आहे ते शोधायला लागले.

"अब का देखने," ते पुटपुटले.

"रहने दो," मार्तंडराव म्हणाले.

ग्वाल्हेरच्या मॅचमध्ये याच जागेवर त्यांनी सायकल काढली होती. त्यानंतर श्रीकृष्णने काय केलं, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. पस्तीस वर्षांत कधी विचारलंही नव्हतं. आता ते डोळे न हलवता बघत होते. बकुळ उठली. जाळीतली चकती तिने स्वतः काढली आणि काठीने पंचाकडे सरकवली. तोंडावरची जाळी वर करून बाटलीतलं पाणी प्याली. मग दोन्ही खांबांना काठीने शिवून घेतलं आणि उरलेल्या वेळासाठी पुन्हा गोलमध्ये उभी राहिली. त्या तेवढ्या वेळात तिने आणखी एक चेंडू अडवला. त्याचं कोणी काही म्हटलं नाही.

भोंगा वाजला. हिरव्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. मग दोन्ही संघ समोरासमोर रांगेत आले आणि हात मिळवत एकमेकींजवळून पुढे सरकू लागले. लाल रांगेत बकुळ सगळ्यांत पुढे होती. सतरा नंबरची पोर तिच्यासमोर आली तेव्हा क्षणभर थांबली, बकुळच्या डाव्या पायाकडे बोट करून काहीतरी बोलली आणि पुढे गेली. हे लांबूनच दिसलं, कॅमेरा नेहमीप्रमाणे जवळ उशिरा पोचला.

मार्तंडरावांनी शेवटचा हात मिळेपर्यंत पाहिलं. मग त्यांनी रज्जन भैयांच्या हातातला पुडा घेतला, सोडला आणि पहिली जलेबी जानकीबाईंना दिली.